आधी धडा, मग माप: सेन्सर पिक्सेल कसा वाचतो आणि ते वाचन सुधारतं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कोल्हापुरात कुस्ती, फुटबॉल आणि लग्नांचे फोटो काढतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस आहे. सायलेंट शटरवर चेंडू अंड्यासारखा येतो, लग्नाच्या हॉलमध्ये एलईडीखाली आडवे पट्टे येतात आणि अंधारा भाग उजळवला की बारीक उभ्या रेघा दिसतात. हे तिन्ही दोष सेन्सर वाचण्याच्या पद्धतीतून येतात असं कळलं. आत नेमकं काय होतं? आणि याच विषयावर प्रोजेक्ट करायचा तर सुरुवात कुठून करू?"

तुला कळलंय ते बरोबर आहे. बावीस वर्षं मी सेन्सरच्या बोर्डांवर काम करतोय. आधी बेंगळुरूला होतो, आता इथे शिरोलीत कास्टिंग तपासणाऱ्या कॅमेऱ्यांचे बोर्ड बनवतो. या सगळ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. प्रकाश पकडण्याचं काम आजचे सेन्सर फार चांगलं करतात. पाठीमागून प्रकाश घेणाऱ्या सेन्सरमध्ये हिरव्या रंगाचे निम्म्याहून कितीतरी जास्त फोटॉन इलेक्ट्रॉनमध्ये बदलतात. तिथे आता दुपटीचीही सुधारणा शिल्लक नाही. फोटो बिघडतो तो त्यानंतर, जमलेले इलेक्ट्रॉन मोजताना. म्हणून प्रोजेक्टसाठी तू विषय योग्य निवडलायस.

आधी पिक्सेलच्या आत जाऊ. फोटोडायोडमध्ये इलेक्ट्रॉन जमतात. त्यांना थेट मोजता येत नाही, म्हणून एका छोट्या कपॅसिटरवर ओतून त्याचं व्होल्टेज वाचायचं. या कपॅसिटरला फ्लोटिंग डिफ्यूजन म्हणतात. तो जितका लहान तितका एका इलेक्ट्रॉनमागे व्होल्टेज जास्त. १ फेमटोफॅरडचा असेल तर एका इलेक्ट्रॉनला १६० मायक्रोव्होल्ट मिळतात. त्याच्या शेजारी तीन-चार ट्रान्झिस्टर असतात: एक कपॅसिटर रिकामा करणारा, एक फोटोडायोडमधून इलेक्ट्रॉन इकडे सोडणारा, एक व्होल्टेज पुढे ढकलणारा सोर्स फॉलोअर आणि एक ओळ निवडणारा.

गोम आहे ती रिकामं करण्यात. तो कपॅसिटर कधीच नेमका शून्यावर येत नाही. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनची हालचाल चालू असते आणि स्विच बंद होण्याच्या क्षणी जेवढे आत अडकले तेवढे अडकले. १ फेमटोफॅरडवर, २७ अंश तापमानाला, हा फरक सुमारे १३ इलेक्ट्रॉनचा पडतो. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पिक्सेलमध्ये एकूण इलेक्ट्रॉनच वीस-पंचवीस असताना मोजमापात तेराची चूक म्हणजे चित्र गेलंच.

यावरचा उपाय मी नवीन मुलांना गुऱ्हाळावर नेऊन समजावतो. काकवी घ्यायला माणूस घरचा डबा घेऊन येतो. डबा विसळून आणलेला असतो, तळाला थोडं पाणी राहिलेलं असतं, आणि किती राहिलं ते दर खेपेला वेगळं. गुऱ्हाळवाला काय करतो? रिकामा डबा काट्यावर ठेवून आधी धडा करतो, म्हणजे रिकाम्याचं वजन बाजूला काढतो, मग त्याच डब्यात काकवी ओतून वजन घेतो. तळाच्या पाण्याचा हिशेब आपोआप सुटतो. यात दोन अटी आहेत. धडा त्याच डब्याचा हवा आणि याच खेपेचा हवा. काल केलेला धडा आज चालत नाही, कारण आजचं पाणी वेगळं आहे.

सेन्सरमध्ये याच रीतीला कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग म्हणतात, बोलताना सीडीएस. फ्लोटिंग डिफ्यूजन रिकामं करायचं, लगेच त्याचं व्होल्टेज वाचून ठेवायचं, मग फोटोडायोडमधले इलेक्ट्रॉन त्यावर ओतायचे, पुन्हा वाचायचं आणि वजाबाकी करायची. त्या नावातला 'कोरिलेटेड' हा शब्द म्हणजे 'याच खेपेचा धडा'. जुन्या तीन ट्रान्झिस्टरच्या पिक्सेलमध्ये हे जमत नव्हतं. तिथे फोटोडायोड हाच कपॅसिटर होता. आधी भरलेलं वाचायचं आणि मग रिकामं करून वाचायचं, म्हणजे धडा पुढच्या खेपेचा मिळायचा. वजाबाकी करून ती चूक जायच्या ऐवजी वाढायची. इलेक्ट्रॉन कपॅसिटरकडे सोडणारा चौथा ट्रान्झिस्टर आणि पिन्ड फोटोडायोड एकत्र आले तेव्हा हा प्रश्न सुटला. पिन्ड फोटोडायोड १९८० साली जपानात एनईसी कंपनीत नोबुकाझू तेरानिशी यांनी सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरसाठी शोधला. त्यातून इलेक्ट्रॉन पूर्णपणे बाहेर काढता येतात, तळाला काही उरत नाही. पुढे १९९० च्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत सीमॉस या आजच्या जातीच्या पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन पिक्सेलच्या आतच ओतून मोजायची पद्धत उभी केली, आणि दोन्ही गोष्टी जुळल्या. तुझ्या खिशातल्या फोनचा सेन्सर याच घराण्यातला आहे.

आता पिक्सेलच्या बाहेर पडू, कारण तुझा अंडाकृती चेंडू तिथे तयार होतो.

तुझ्या सेन्सरवर साधारण ६००० स्तंभ आणि ४००० ओळी आहेत. प्रत्येक स्तंभाला एक सामाईक तार आहे. एका वेळी एकच ओळ निवडली जाते, त्या ओळीतले ६००० पिक्सेल आपापल्या तारेवर व्होल्टेज ठेवतात आणि तारेच्या टोकाला बसलेला एडीसी (ॲनलॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर) त्याचा आकडा करतो. मग पुढची ओळ. म्हणजे सगळं चित्र एका क्षणाचं नसतं. वरची ओळ आधीची, खालची ओळ नंतरची. एका ओळीला १२.५ मायक्रोसेकंद धर. ४००० ओळींना ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. सायलेंट शटरवर, म्हणजे पडदा न हलवता, २४ मेगापिक्सेलचे बरेच कॅमेरे याच्याच आसपास आहेत.

शाहू स्टेडियमवर चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने आडवा जातोय आणि तुझ्या फ्रेममध्ये त्याची उंची २०० ओळींची आहे असं समज. २०० ओळी वाचायला २.५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. चेंडूचा व्यास २२ सेंटिमीटर. त्याचा वरचा काठ आणि खालचा काठ यांत ५ सेंटिमीटरचा तिरपेपणा आला की डोळ्याला तो अंडाच दिसणार. खासबागेच्या आखाड्यात ढाक डाव लावताना पायाचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला आणि पाय फ्रेमच्या अर्ध्या उंचीत पसरला असेल, तर पायाच्या दोन टोकांत १२ सेंटिमीटरचा फरक पडतो. पैलवानाचा पाय मोडल्यासारखा दिसतो तो यामुळे. इथे शटरस्पीड १/४००० ठेवून काहीही फरक पडत नाही. त्याने प्रत्येक ओळ धारदार होते, पण ओळींमधलं अंतर तेवढंच राहतं. तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांचा इथेच गोंधळ होतो.

हॉलमधले आडवे पट्टे याच कुळातले. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून साध्या ड्रायव्हरचा एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. ५० मिलिसेकंदांत अशी पाच आवर्तनं होतात, म्हणून फोटोवर पाच पट्टे. मोजून बघ, जवळपास पाचच सापडतील. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलंस की प्रत्येक ओळीला पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे जातात. ज्या दिव्यांचा ड्रायव्हर वेगळ्या वारंवारतेवर चालतो तिथे हे गणित बदलतं, पट्टे बारीक आणि संख्येने जास्त होतात. लग्नाच्या कामात मी तरी मेकॅनिकल शटरच वापरायला सांगेन. त्यात पडदा चार-पाच मिलिसेकंदांत सेन्सरवरून जातो आणि वाचन पडदा बंद झाल्यावर अंधारात होतं. अंधारात सेन्सरने कितीही वेळ घेतला तरी चेंडूला आणि दिव्याला त्याचा पत्ता नसतो.

मग सेन्सर भरभर का वाचत नाहीत? खरा विषय हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एका ओळीच्या १२.५ मायक्रोसेकंदांत काय काय होतं ते बघ. स्तंभाची तार ४००० पिक्सेलना जोडलेली आहे, तिची स्वतःची कपॅसिटन्स काही पिकोफॅरड असते. पिक्सेलमधला इवलासा सोर्स फॉलोअर ती तार हलवतो. तारेचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तिचं व्होल्टेज किती चटकन बदलतं त्याचं माप, १०० नॅनोसेकंद धरला, तर १२ बिटांच्या अचूकतेपर्यंत व्होल्टेज स्थिर व्हायला त्याच्या नऊपट वेळ लागतो, म्हणजे ०.९ मायक्रोसेकंद. धडा आणि माप मिळून दोनदा, जवळपास २ मायक्रोसेकंद. उरलेला सगळा वेळ एडीसी खातो.

बहुतेक सेन्सरमध्ये एडीसी 'सिंगल स्लोप' जातीचा असतो. सगळ्या स्तंभांना एकच उतरतं व्होल्टेज, म्हणजे रॅम्प, दिलं जातं. प्रत्येक स्तंभात दोन व्होल्टेजं ताडून बघणारा एक कम्पॅरेटर आणि एक काउंटर. रॅम्प पिक्सेलच्या व्होल्टेजला येऊन भिडला की काउंटर थांबतो. थांबला तो आकडा. रचना साधी आहे, जागा कमी लागते आणि सगळे स्तंभ एकाच मापाने मोजले जातात, म्हणून ती टिकून राहिली. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे वर-खाली मोजणारा काउंटर. धड्याच्या वेळी तो उलटा मोजतो, मापाच्या वेळी सुलटा. वजाबाकी वेगळी करावीच लागत नाही, ती मोजण्यातच होऊन जाते. कम्पॅरेटरचा स्वतःचा दोषही तीत कटतो. सोनीने २००७ मध्ये एक्समॉर सेन्सर आणले ते स्तंभागणिक एडीसी घेऊन. त्यानंतर अंधाऱ्या भागातला गोंगाट, म्हणजे आकड्यांतला बेभरवशाचा चढउतार, एकदम खाली आला.

किंमत मोजावी लागते ती वेळेत. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. काउंटरचं घड्याळ ४०० मेगाहर्ट्झ असेल तर १०.२४ मायक्रोसेकंद. १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या, ४१ मायक्रोसेकंद, आणि ४००० ओळींना १६० मिलिसेकंदांहून जास्त. एक-एक बिट वाढवला की वेळ दुप्पट. काही कॅमेरे सायलेंट किंवा वेगवान मोडमध्ये गुपचूप १४ वरून १२ बिटांवर उतरतात, त्याचं कारण हेच. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, बघ.

आणि नुसता वेग वाढवून चालत नाही. वेगाने वाचायचं तर सर्किटची बँडविड्थ वाढवावी लागते, आणि बँडविड्थ चौपट केली की औष्णिक गोंगाट दुप्पट होतो. उलट, सावकाश वाचलं आणि तेच माप चार वेळा घेऊन सरासरी काढली तर तो निम्मा होतो. हामामात्सू कंपनीचा २०२१ मधला ओर्का-क्वेस्ट नावाचा संशोधनासाठीचा कॅमेरा याचं ठसठशीत उदाहरण आहे. सेकंदाला १२० फ्रेमच्या वेगाने वाचला तर त्याची चूक ०.४३ इलेक्ट्रॉन, आणि सेकंदाला ५ फ्रेमने सावकाश वाचला तर ०.२७. एका इलेक्ट्रॉनच्या पाव भागाएवढी. एक, दोन, तीन असे इलेक्ट्रॉन वेगळे मोजता येतील इतकी.

म्हणजे कोणाही एका एडीसीला घाई करायला लावणं तोट्याचं. फायद्याचं काय, तर मोजणारे हात वाढवणं. पूर्ण चिपला एकच एडीसी असता तर सेकंदाला २० फ्रेमसाठी त्याला दर २ नॅनोसेकंदांना एक पिक्सेल मोजावा लागला असता. स्तंभागणिक एडीसी आले आणि प्रत्येकाला १२.५ मायक्रोसेकंद मिळाले. सहा हजारपट निवांतपणा. पुढची पायरी म्हणजे एकाच वेळी अनेक ओळी वाचायच्या, स्तंभाला अनेक तारा आणि अनेक एडीसी द्यायचे. पण त्यांना जागा कुठली? म्हणून पिक्सेल एका चिपवर आणि मोजणारी सर्किटं त्याच्या खालच्या दुसऱ्या चिपवर, असे थर रचले जाऊ लागले. सोनीने २०१७ च्या फेब्रुवारीत फोनसाठी तीन थरांचा सेन्सर जाहीर केला. वर पिक्सेल, मधे डीरॅम ही मेमरी, खाली लॉजिक. डीरॅम एवढ्यासाठी, की वाचन झालं तरी तो माल चिपबाहेर नेणारी वाट अरुंद असते. आधी पटकन वाचून गोदामात टाकायचं, मग सावकाश बाहेर पाठवायचं. त्याच वर्षीच्या ए९ कॅमेऱ्यात पूर्ण फ्रेम सुमारे ६ मिलिसेकंदांत वाचली जायला लागली, आणि २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये ती ४ मिलिसेकंदांच्या आत आली. झेड९ मध्ये मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही. तुझ्या त्याच चेंडूचा तिरपेपणा या वेगावर ५ सेंटिमीटरवरून ४ मिलिमीटरवर येतो.

ग्लोबल शटरबद्दल तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो, कारण 'तोच अंतिम उपाय' असं सगळीकडे बोललं जातं. त्यात सगळे पिक्सेल एकाच क्षणी बंद होतात, तिरपेपणा शून्य. २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्रीमध्ये हा पूर्ण फ्रेमवर मिळाला. पण धड्याची अट आठव. सगळ्या पिक्सेलांचे इलेक्ट्रॉन एकदम ओतले तर आपली पाळी येईपर्यंत ते कुठेतरी थांबायला हवेत. फ्लोटिंग डिफ्यूजनवरच थांबवले तर याच खेपेचा धडा घेण्याची संधी गेली. म्हणून पिक्सेलमध्ये साठवणीची वेगळी जागा द्यावी लागते, आणि ती जागा फोटोडायोडच्या वाट्यातून जाते. पिक्सेलची धारण कमी होते. त्या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ १०० ऐवजी २५० आहे. पहिलवानांच्या फोटोंसाठी हा सौदा चांगला आहे, लग्नाच्या अंधाऱ्या मंडपासाठी मी तो करणार नाही.

आता उभ्या रेघा. एक खूण लक्षात ठेव, मला तिने फार वर्षं साथ दिली आहे. उभी रेघ म्हणजे जागेचा दोष, आडवी रेघ म्हणजे वेळेचा दोष. उभी येते कारण प्रत्येक स्तंभाचा एडीसी आपापला आहे आणि कुणी एखाद-दोन आकड्यांनी जास्त मोजतो, कुणी कमी. ही चूक स्थिर असते, म्हणून काळ्या ओळींची सरासरी घेऊन ती वजा करता येते. सेन्सरच्या काठाला काही ओळी आणि काही स्तंभ धातूने झाकून कायमचे काळे ठेवलेले असतात ते यासाठीच. आडवी येते कारण एका ओळीचे सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात. त्या क्षणी वीजपुरवठा किंवा रॅम्प जरासा हलला की पूर्ण ओळ एकदम वर किंवा खाली सरकते. आणि रेघ डोळ्याला फार पटकन सापडते. विखुरलेल्या गोंगाटापेक्षा रेघांचा गोंगाट दहापट कमी असेल तरच तो नजरेआड राहतो, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे.

याचा माझ्या हातून घडलेला एक प्रसंग सांगतो. इथल्या एका फाउंड्रीत कन्व्हेयरवर कास्टिंगचा पृष्ठभाग तपासायला आमचा कॅमेरा बसवला होता. चित्रावर फिकट आडवे पट्टे दिसायचे आणि ते हळूहळू वर सरकायचे. शेजारीच इंडक्शन फर्नेस. साहजिकच सगळ्यांचा संशय तिच्यावर. दोन दिवस आम्ही अर्थिंग तपासलं, केबलवर फेराइट चढवले, कॅमेऱ्याभोवती पत्रा गुंडाळला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फर्नेस बंद असताना मी एकटा जाऊन बसलो. पट्टे तसेच.

मग ऑसिलोस्कोप बोर्डावर लावला. आमच्याच स्विचिंग रेग्युलेटरची लहर पिक्सेलच्या वीजपुरवठ्यावर येत होती. वारंवारता ५०० किलोहर्ट्झ. लहर फार छोटी होती, एक-दोन आकड्यांची, आणि सीडीएसने ती कापायला हवी होती. पण धडा आणि माप यांच्यात आम्ही ५ मायक्रोसेकंद ठेवले होते. ५ मायक्रोसेकंदांत ५०० किलोहर्ट्झची अडीच आवर्तनं होतात. म्हणजे धडा लहरीच्या शिखरावर घेतला तर माप नेमकं दरीत. वजाबाकीने लहर कटायच्या ऐवजी दुप्पट होत होती. रेग्युलेटर ४०० किलोहर्ट्झवर आणला. आता ५ मायक्रोसेकंदांत बरोबर दोन आवर्तनं, धडा आणि माप लहरीच्या एकाच उंचीवर, वजाबाकी शून्य. त्याचं घड्याळही सेन्सरच्या घड्याळातूनच काढलं, म्हणजे दोघांची पावलं कायम जुळलेली राहतील. पट्टे गेले. पुढच्या बोर्डात पिक्सेलच्या पुरवठ्याला वेगळा लिनियर रेग्युलेटरही दिला. सीडीएस आहे म्हणजे सगळं कटेल असं मी तोवर धरून चाललो होतो. खरं तर ते दोन क्षणांतला फरक मोजतं आणि त्या फरकात जे बदललं ते सगळं आत येतं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा प्रकाश तू पाहिला असशील. गाभाऱ्यात अंधार आणि मावळतीची सोनेरी तिरीप. एकाच फ्रेममध्ये काही पिक्सेल ओसंडून जातील आणि काहींत पाच-दहा इलेक्ट्रॉन असतील. लहान कपॅसिटर अंधार नेमका मोजतो पण लवकर भरतो. १ व्होल्टची मुभा धरली तर १६० मायक्रोव्होल्टच्या हिशेबाने ६२५० इलेक्ट्रॉनला तो संपतो. चौपट मोठा केला तर २५,००० मावतात, पण अंधारातली बारकाई जाते. यावर ड्युअल गेनचा तोडगा आहे. एक जादा कपॅसिटर स्विचने जोडता-सोडता येईल असा ठेवायचा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो आयएसओप्रमाणे बदलतो. सोनी ए७ थ्रीमध्ये हा बदल ६४० ला होतो, म्हणून ५०० पेक्षा ६४० वर अंधारा भाग स्वच्छ मिळतो. त्याहून चांगली रीत म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन्ही मापं घेणं. क्रम असा: मोठ्या कपॅसिटरचा धडा, लहानाचा धडा, इलेक्ट्रॉन ओतून लहानाचं माप, मग स्विच जोडून मोठ्याचं माप. दोन डबे, दोघांचे आपापले धडे. ॲरी कंपनीच्या अलेक्सा सिनेमा कॅमेऱ्याने २०१० पासून प्रत्येक पिक्सेल दोन गेनच्या वाटांनी वाचून १४-१४ बिटांची दोन मापं १६ बिटांत जोडली. तिच्या चित्रातली उजेडापासून अंधारापर्यंतची सलगता त्यातून आली.

आता तुझा प्रोजेक्ट. नवा सेन्सर बनवायची स्वप्नं या वर्षी नकोत, चिप छापून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. पण हातात काही नाही म्हणून थांबायचंही नाही. आपल्याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास दामल्यांना सोबत घेऊन चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला, तेही विदेशी कॅमेरा समजून घेऊन, लेथवर भाग कातून. तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा घे. त्यात सोनीचा १२.३ मेगापिक्सेलचा आयएमएक्स४७७ सेन्सर आहे आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले, आकडे सरळ मिळतात. पहिलं काम, ओळीचा वेळ मोज. कॉलेजच्या लॅबमधल्या फंक्शन जनरेटरवर एक एलईडी १००० हर्ट्झला लुकलुकत ठेव, लेन्स काढून सेन्सरसमोर पातळ पांढरा कागद धर आणि एक्स्पोजर शक्य तितकं कमी कर. उजळ-काळ्या पट्ट्यांची एक जोडी ८० ओळींची आली तर १ मिलिसेकंद भागिले ८०, म्हणजे ओळीला १२.५ मायक्रोसेकंद. तुझ्या मिररलेसचंही याच रीतीने मोज. जाहिरातीतल्या आकड्यांवर बसण्यापेक्षा हे बरं.

दुसरं काम गोंगाटाचं. लेन्सवर झाकण लावून १०० रॉ फ्रेम काढ. प्रत्येक पिक्सेलच्या शंभर आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे वाचनाचा गोंगाट. स्तंभागणिक सरासरी काढलीस तर तुझ्या उभ्या रेघा आलेखात उघड्या पडतील. काही थोडे पिक्सेल असे सापडतील की ते दोन-तीन ठरावीक आकड्यांमध्येच उड्या मारतात. सोर्स फॉलोअरमध्ये एकच इलेक्ट्रॉन अडकतो आणि सुटतो, त्याच्या त्या उड्या आहेत. पहिल्यांदा आलेखावर हे दिसलं तेव्हा मी रात्रभर तोच पिक्सेल बघत बसलो होतो. हे मोजताना कॅमेरा गरम होऊ देऊ नकोस. डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही जमणारे इलेक्ट्रॉन, दर ६ ते ८ अंशांना दुप्पट होतो आणि एप्रिलच्या दुपारी तुझी सगळी मापं हलतील. पहाटे मोज.

तिसरं काम हेच खरं प्रोजेक्ट. १०,००० इलेक्ट्रॉन जमलेल्या पिक्सेलमध्ये प्रकाशाचा स्वतःचाच चढउतार १०० इलेक्ट्रॉनचा असतो, वर्गमुळाच्या नियमाने. तिथे एका-एका इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांनी मोजण्यात वेळ वाया जातो. गुळाची ढेप कोणी गुजरीतल्या सोन्याच्या काट्यावर तोलत नाही. म्हणून रॅम्प अंधाराकडे सावकाश आणि उजेडाकडे भरभर उतरवायचा, पायऱ्या क्रमाने मोठ्या करत न्यायच्या. ४०९६ पायऱ्यांऐवजी सहाशे-सातशेत काम भागतं का, आणि चित्रात नजरेला फरक पडतो का, हे तू पायथनमध्ये रॉ फायलींवर करून दाखवू शकतोस. मग एलटीस्पाइस या सर्किट तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्तंभ, एक कम्पॅरेटर आणि असा वाकडा रॅम्प उभा कर. अडचण एक येईल, आधीच सांगून ठेवतो. जिथे रॅम्पचा उतार बदलतो त्या सांध्यावर आकड्यांत खाच पडते. उतार बदलल्यावर रॅम्प स्थिर व्हायला वेळ घेतो, त्यातून ती येते. ती खाच कशी बुजवलीस यावर तुझ्या प्रोजेक्टचं मोल ठरेल, परीक्षकांनी विचारलं तर उत्तरही तिथेच असेल.

आधी त्या १०० काळ्या फ्रेम काढ. सेन्सरचं तापमान, गेन आणि एक्स्पोजर वहीत टिपून ठेव. मग फायली घेऊन शिरोलीला ये. जेपेग आणू नकोस, त्यात कॅमेऱ्याने रेघा आधीच पुसलेल्या असतात.